ग्रीन कार्ड आलं, आता कम्युनिटी कॉलेजात काय घेऊ? (कॅलिफोर्निया)

मोरपंखी

दहा वर्षं एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर काढली. मागच्या महिन्यात ग्रीन कार्ड आलं. नवरा म्हणाला, "झालीस मोकळी!" मोकळी झाले खरी, पण आता जायचं कुठे ते कळेना.

परवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा कॅटलॉग उघडून बसले. इंग्रजी अक्षरक्रमात चार विषय एकाखाली एक आले: ड्रायव्हिंग, अर्ली चाइल्डहुड, इकॉनॉमिक्स, एज्युकेशन. मला हसूच आलं. कुणी माझीच कुंडली मांडून ठेवली होती जणू. अर्थशास्त्रात एम.ए. केलंय, पुण्यात ज्युनिअर कॉलेजला चार वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय. इथे दोन मुलं वाढवली, म्हणजे बालसंगोपनात डॉक्टरेट (स्वघोषित). रविवारी मराठी शाळेत बाराखडी गिरवून घेते. राहता राहिलं ड्रायव्हिंग. लायसन्स आहे, पण फ्रीवेवर जात नाही. पंधरा मिनिटांच्या अंतराला आतल्या रस्त्यांनी चाळीस मिनिटं लावते आणि घरी सांगते की ट्रॅफिक होता. कॅटलॉगमधलं ड्रायव्हिंग ट्रकचं आहे हे उशिरा लक्षात आलं. तरी ते पान शेवटपर्यंत वाचलं, का ते विचारू नका.

वय ४१. बी.ए. तीन वर्षांचं, वर दोन वर्षं एम.ए. प्रीस्कूलमध्ये शिकवायचं तर किती कोर्स लागतात? एज्युकेशनचा कोर्स केला की शाळेत घेतात का? आणि इकॉनॉमिक्स पुन्हा पहिलीपासून घेण्यात काही अर्थ आहे का? पाटी बऱ्यापैकी कोरी झाली आहे.

शेवंती

अभिनंदन! मी सात वर्षं प्रीस्कूलमध्ये आहे, तेवढ्यापुरतं सांगते.

आपल्या राज्यात लायसन्स असलेल्या सेंटरमध्ये पूर्ण टीचर व्हायला अर्ली चाइल्डहुडची १२ युनिट (क्रेडिट) लागतात, म्हणजे तीन-तीन युनिटचे चार कोर्स. त्यात बालविकास, 'मूल, कुटुंब आणि समाज' आणि अभ्यासक्रमाचा एक, हे हवेतच. रेसिडेंटला (राज्याच्या रहिवाशाला) युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे चारही मिळून ५५२. वर किरकोळ फिया आणि पुस्तकं. तुम्ही इतकी वर्षं इथेच राहताय, तेव्हा रेसिडेंट धरतील. फक्त पत्त्याचे पुरावे आणि टॅक्सचे कागद हाताशी ठेवा. पेल ग्रँटच्या (शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या) भानगडीत पडू नका. आधीची बॅचलर पदवी असली की ती मिळत नाही, मग पदवी भारतातली का असेना.

लोक अडतात ते दुसरीकडेच. लाइव्ह स्कॅन म्हणजे बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, आणि गोवर व डांग्या खोकल्याच्या लशींचा पुरावा. आपल्या लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाच्या आईकडे सापडतं हो? मी रक्ताची टायटर टेस्ट (प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी) करून घेतली, त्यात गोवराचं काम भागलं. डांग्या खोकल्यासाठी टीडॅप टोचून घेतली.

आता जरा खरं बोलते. स्वतःची दोन मुलं वाढवणं वेगळं. इथे एका टीचरमागे बारा मुलं असतात, आणि त्यातल्या तिघांना एकाच वेळी शू येते. कंबर जाते. पगार वाचून नवरा गप्प बसेल. तरी मी सोडलेलं नाही. अर्ज भरण्याआधी एखाद्या सेंटरमध्ये सकाळभर नुसतं बसून या. कॉलेजांची स्वतःची लॅब स्कूल, म्हणजे शिकणाऱ्यांच्या सरावासाठीची प्रीस्कूल असतात, तिथे विचारा.

गिअरबॉक्स

टेक्सासहून. ट्रकचं पान शेवटपर्यंत वाचलंत म्हणून लिहितोय.

मी आयटी सोडून स्कूल बस चालवतो. सासरेबुवा अजून लोकांना "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" एवढंच सांगतात. बसचं मनात असेल तर कॉलेजला पैसे देऊ नका. ड्रायव्हरांची टंचाई आहे, माझ्या स्कूल डिस्ट्रिक्टने शिकवलं आणि शिकतानाही पगार दिला. तुमच्याकडच्या डिस्ट्रिक्टला फोन करून बघा. २०२२ च्या ७ फेब्रुवारीपासून नव्या सीडीएलसाठी (ट्रक-बसच्या लायसन्ससाठी) नोंदणीकृत ठिकाणचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, पण ते ठिकाण कॉलेजच असलं पाहिजे असं नाही. लर्नर परमिट मिळाल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं, मग चाचणी. शाळेच्या बससाठी 'पी' (प्रवासी) आणि 'एस' (स्कूल बस) अशी लायसन्सवर दोन जादा एंडॉर्समेंट वेगळी.

गाडी चालवणं त्यातलं सोपं. अवघड ती प्री-ट्रिप, म्हणजे निघण्याआधीची तपासणी. बसभोवती फिरत एकेका भागाला हात लावून त्याचं नाव आणि त्यात काय तपासलं ते मोठ्याने म्हणायचं. मी महिनाभर अंघोळ करताना एअर ब्रेकची चाचणी पाठ म्हणत होतो, थेट रामरक्षेच्या चालीवर.

फ्रीवेची भीती मलाही होती. बसमध्ये बसलं की लोकच आपल्याला घाबरतात.

खडूफळा

मोरपंखी, तुम्ही कॅटलॉग बाकावर बसून वाचताय.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इकॉनॉमिक्स *शिकवायला* किमान पात्रता काय आहे? त्या विषयातली मास्टर्स. पीएचडी लागत नाही, शाळेचं टीचिंग क्रेडेन्शियलही (शिक्षकाचा परवाना) लागत नाही. तुमचं एम.ए. अमेरिकन मास्टर्सच्या बरोबरीचं असल्याचं इव्हॅल्युएशन हवं. तीन अधिक दोनच्या जोडीला ते बहुधा मिळतं, तीन वर्षांच्या नुसत्या बी.ए.चं मात्र संस्थेगणिक बदलतं. हे एकदा करून घ्या, पुढे सगळीकडे लागेल.

मी असाच अर्धवेळ शिकवतो. डोळे उघडे ठेवून या: अर्धवेळवाल्याला एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण भाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येतं, म्हणून आमच्यातले बरेच जण दोन-तीन कॉलेजांमध्ये धावतात. आम्हाला 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. (हा भाग तुम्हाला आवडणार नाही.)

पाटी कोरी म्हणाल तर मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) घेऊ नका, मागणीचा वक्र इथेही खालीच उतरतो. एक सत्र मॅक्रो (स्थूल अर्थशास्त्र) घ्या. तुम्ही रिझर्व्ह बँक आणि रेपो रेट शिकवलात, इथे फेड आणि फेडरल फंड्स रेट. विचार तोच, पण पोरांना उदाहरणं इथली लागतात. तीन युनिट, १३८ डॉलर. शिकणं कमी आणि शिकवणारा वर्ग कसा हाताळतो ते बघणं जास्त.

एज्युकेशनचा प्रास्ताविक कोर्स शाळेत कायम शिक्षक व्हायचं असेल तरच. त्यात साधारण ४५ तास शाळेत जाऊन निरीक्षण असतं, पण क्रेडेन्शियलचा रस्ता पुढे विद्यापीठातून जातो. नुसती वर्गातली मदतनीस व्हायचं असेल तर दोन वर्षांचं कॉलेज पुरतं, ते तुमच्याकडे दुपटीहून जास्त आहे.

मोरपंखी

खडूफळा, तुमचं उत्तर वाचून मी उठून चहा केला. दहा वर्षं मी सगळ्यांना "माझं एम.ए. इथे चालत नाही" असं सांगत आले, आणि ते कुणाला विचारून, तर कुणालाच नाही.

शेवंतीताई, गुरुवारी लॅब स्कूलमध्ये जाऊन बसले. एका मुलाने दीड तास माझं बोट सोडलं नाही आणि दुसऱ्याने बुटात वाळू ओतली. गोड आहेत, पण अकरा वाजताच घड्याळाकडे बघायला लागले. ते माझं काम नव्हे.

पुण्यातल्या भावाला सीलबंद ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात पिटाळलं आहे. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिसऱ्या दिवशी "साहेब रजेवर". मॅक्रोला नाव घातलं. आणि गिअरबॉक्स, एका ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरबाईंकडे दोन-दोन तासांचे तीन धडे ठरवलेत, फक्त मर्ज करायचे, म्हणजे रॅम्पवरून फ्रीवेच्या वाहतुकीत शिरायचे. पहिल्या धड्यात रॅम्पच्या टोकाला मी ब्रेक मारला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पुढच्या एक्झिटने परत फिरवून आणलं. चार वेळा.

आता एकच शंका. मॅक्रोचे दोन वर्ग आहेत, एक पूर्ण ऑनलाइन आणि एक मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सातचा, दुसऱ्या कॅम्पसवर. तिथे आतल्या रस्त्यांनी पन्नास मिनिटं लागतात.

खडूफळा

संध्याकाळचा.

गिअरबॉक्स

संध्याकाळचा. आणि सातला उजव्या लेनमध्ये गर्दी असते, मर्ज करताना वेग कमी करू नका.