टोटल लॉस क्लेम : आयडीव्हीपेक्षा लाखभर कमी देतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कराडजवळ हायवेवर माझ्या धाकट्या भावाच्या गाडीला ट्रकने धडक दिली. तो सुखरूप आहे, गाडी मात्र संपली. पॉलिसीवर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 5 लाख 20 हजार, वर्कशॉपचं एस्टिमेट 4 लाख 60 हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस (म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात), त्यामुळे तिथे वाद नाही.

वाद रकमेचा आहे. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) म्हणतो, "बाजारात आज एवढी किंमत येणार नाही, 4 लाख 10 हजार घ्या आणि मिटवा." पण घसारा आयडीव्ही ठरवतानाच वजा होतो आणि पॉलिसीच्या मुदतीत तीच गाडीची किंमत धरायची असते ना? सक्तीच्या एक्सेसचे (क्लेममध्ये आपणच सोसायचा वाटा) 1000 रुपये कापा, मान्य. बाकीची कपात कशाची, हे लेखी द्यायला कोणी तयार नाही. त्यात कर्ज बाकी आहे; पैसे आधी बँकेकडे जाणार, म्हणजे हा फरक थेट भावाच्या खिशातून.

सर्व्हे रिपोर्टची प्रत मेलवर मागितली आहे. उत्तर आलं नाही तर कंपनीचे तक्रार निवारण अधिकारी आणि महिन्याभराने पुण्याचे विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारे), हा क्रम बरोबर आहे का? लोकपालांकडे कोणी गेलंय का, किती वेळ लागला? डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याचा कागद) "हरकत राखून" असं लिहून सही केली तर चालते का? आणि भंगार गाडी स्वतःकडे ठेवावी की कंपनीला द्यावी? सहीसाठी रोज फोन येतायत, कृपया लवकर सांगा.