शब्दचर्चा : पिचरचं ‘स्टफ’, ‘मूव्हमेंट’, ‘कंट्रोल’ मराठीत कसं सांगावं?

कोरी_पाटी :
‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकावरच्या खेळाच्या ऑनलाइन लीगसाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. वाचणारे क्रिकेट कोळून प्यायलेले, बेसबॉल जेमतेम कळणारे. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पानावर तीन आकडे ठळक असतात : स्टफ, मूव्हमेंट, कंट्रोल. तूर्तास ‘सामग्री’, ‘हालचाल’ आणि ‘नियंत्रण’ असं लिहून ठेवलंय, पण पहिल्या दोहोंतून कुणाला काही बोध होईलसं वाटत नाही. आणि ‘रेटिंग’ला ‘मानांकन’ चालेल का?

जुना_बोरू :
मानांकन नको. टेनिसमधल्या ‘अग्रमानांकित’मुळे त्या शब्दाला क्रमवारीचा अर्थ पक्का चिकटलाय. क्रमवारीत पहिला एकच असतो, इथे एकाच संघातल्या चौघांचं कंट्रोल ५० असू शकतं. ‘गुणांकन’ घ्या. ‘श्रेणी’त अ-ब-क चा वास येतो.
‘सामग्री’ वाचून मला पूजेचं ताट दिसलं.

आकडेमोड :
शब्द शोधण्याआधी आकडा काय मोजतो ते बघा, म्हणजे निम्मे शब्द आपोआप गळतील.
स्टफ : स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद) किती मिळतील.
मूव्हमेंट : होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) किती कमी बसतील.
कंट्रोल : वॉक (स्ट्राइकच्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकल्यामुळे फलंदाजाला मिळणारा बेस) किती कमी दिले जातील.
एवढंच. मूव्हमेंट म्हणजे चेंडू डोळ्यांना किती वळलेला दिसतो ते नव्हे. भल्यामोठ्या वळणाच्या कर्व्हबॉलवाल्याचंही मूव्हमेंट ४० असू शकतं, कारण त्याचा न वळलेला चेंडू थेट स्टँडमध्ये जातो.
पट्टी बहुधा २० ते ८० ची ठेवतात. ती अमेरिकेतल्या स्काउट (खेळाडू पारखणाऱ्या) लोकांची जुनी पट्टी आहे : ५० म्हणजे मेजर लीगची (तिथल्या सर्वोच्च लीगची) सरासरी, पुढचे प्रत्येक १० म्हणजे तत्त्वतः एक प्रमाण विचलन. ५० पाहून ‘काठावर पास’ असं वाचू नका. सगळीकडे ५० असलेला पिचर हा मेजर लीगमध्ये नोकरी टिकवून असलेला माणूस आहे. आपल्या शाळेच्या गुणपत्रिकेची सवय इथे हमखास आडवी येते, टिपणात हे पहिल्याच परिच्छेदात घाला.

फिरकीबहाद्दर :
मग स्टफला ‘भेदकता’. ‘भेदक मारा’ हे मराठी क्रिकेटवार्तांकनातलं रुळलेलं आहे, वाचणाऱ्याला लगेच कळेल. मूव्हमेंटला ‘चकवा’ कसं वाटतं?

आकडेमोड :
भेदकता उत्तम. चकवा मात्र उलट्या जागी जातो. फलंदाज चकला म्हणजे बॅट हवेत फिरली, म्हणजे स्ट्राइक, आणि ते खातं स्टफचं. मूव्हमेंटमध्ये बॅट लागते, पण नीट लागत नाही : कडेला, बुंध्याला, चेंडूच्या माथ्यावर.

फिरकीबहाद्दर :
चेंडू उचलू देत नाही म्हणून ‘उचलबंदी’!

जुना_बोरू :
बदली झालेल्या तहसीलदाराची आठवण येईल. गंमत म्हणून ठीक. मूव्हमेंट तसंच ठेवून पहिल्या वेळी ‘होमरन न बसू देण्याची हातोटी’ असं फोडून सांगा. प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द हवाच असं नाही. शालेय सॉफ्टबॉल खेळणारी आपल्याकडची मुलंसुद्धा पिचर, कॅचर, बेस असंच म्हणतात.

कोरी_पाटी :
म्हणजे पिचरला ‘गोलंदाज’ही नको?

जुना_बोरू :
नको. गोलंदाज म्हटलं की षटक आणि टप्पा पाठोपाठ येतात, इथे दोन्ही नाहीत. तसंच स्ट्राइकआउटला ‘त्रिफळा’ करण्याचा मोह टाळा. तीन स्ट्राइक आहेत खऱ्या, पण यष्ट्या कुठायत?

आकडेमोड :
कंट्रोलला ‘नियंत्रण’ योग्यच, फक्त ‘अचूकता’ लिहू नका. बेसबॉलमध्ये कंट्रोल आणि कमांड वेगळे. चेंडू स्ट्राइकच्या चौकटीत टाकता येणं हे कंट्रोल. चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यात, कॅचरने ग्लोव्ह धरलाय तिथेच टाकता येणं हे कमांड. या खेळात कमांडचा स्वतंत्र आकडा नाही. ‘अचूकता ७०’ वाचून कोपरे साधणारा पिचर डोळ्यांसमोर येतो, प्रत्यक्षात तो फक्त वॉक देत नाही.
टोकाची दोन उदाहरणं वापरा. ग्रेग मॅडक्सने १९९७ मध्ये २३२.२ इनिंगमध्ये (.२ म्हणजे दोन तृतीयांश, दशांश नव्हे) फक्त २० वॉक दिले. उलट नोलन रायनच्या नावावर कारकिर्दीतले सर्वाधिक ५७१४ स्ट्राइकआउट आहेत आणि सर्वाधिक २७९५ वॉकसुद्धा. भेदकता अफाट, नियंत्रण बेताचं.

मैदानाबाहेर :
तिन्हीचं वजन सारखं धरायचं का? लीगमध्ये बरेच जण तिन्ही आकड्यांची बेरीज करून पिचर निवडतात.

आकडेमोड :
बेरीज हाच तर घोटाळा. झेलात, धावबादात क्षेत्ररक्षकांचा हात असतो. पिचरच्या स्वतःच्या हातात मुख्यतः स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन, हा विचार वोरोस मॅक्रॅकन या बेसबॉलच्या आकड्यांच्या अभ्यासकाने २००१ च्या सुमारास मांडला आणि टॉम टँगो या दुसऱ्या अभ्यासकाच्या ‘फिप’ सूत्राने तो सोपा केला. फिप जितका कमी, तितका पिचर चांगला. होमरन गुणिले १३, अधिक (वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू) गुणिले ३, उणे स्ट्राइकआउट गुणिले २. याला इनिंगने भागा आणि सुमारे ३.१० चा स्थिरांक मिळवा. हा स्थिरांक हंगामागणिक थोडा बदलतो.
मनाचे आकडे घेऊ, दोघांच्याही १८० इनिंग. पहिला : २०० स्ट्राइकआउट, ५० वॉक, ५ चेंडू अंगावर, २० होमरन. २६० + १६५ − ४०० = २५, भागिले १८० म्हणजे ०.१४, फिप ३.२४. दुसरा : १५० स्ट्राइकआउट, ४० वॉक, ५ अंगावर, १५ होमरन. १९५ + १३५ − ३०० = ३०, म्हणजे ०.१७, फिप ३.२७. पन्नास स्ट्राइकआउट कमी असूनही दुसरा जवळपास तेवढाच चांगला! आणि पहिल्याचे होमरन २० चे २८ झाले की तो थेट ३.८२ वर जातो.
लिलावात भेदकतेला भाव जास्त मिळतो. मूव्हमेंट स्वस्तात मिळतं, आणि तिथेच खरेदी करावी.

मैदानाबाहेर :
मग भेदकता कमी असली तरी चालते?

आकडेमोड :
एका मर्यादेपर्यंत. स्ट्राइकआउट कमी म्हणजे मैदानात चेंडू जास्त. तुमचे क्षेत्ररक्षक कच्चे असतील तर त्याचा फटका बसतोच, फिप मात्र तो दाखवत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मूव्हमेंटच्या पोटात दोन आकडे वेगळे दिसतात : होमरन टाळणं आणि मैदानात पडलेल्या चेंडूवर हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) न देणं. दोन पिचरांचं मूव्हमेंट ५५ च असलं, तरी छोट्या मैदानावर खेळणाऱ्या संघाने होमरनचा आकडा मोठा असलेला घ्यावा.

फिरकीबहाद्दर :
जमिनीलगतचे चेंडू काढणाऱ्या पिचरला ‘सरपटी’ म्हणा की. गल्लीत सरपटी बॉल सगळ्यांना माहीत आहे.

जुना_बोरू :
वा! हा शब्द ठेवायचाच. फक्त गल्लीतला सरपटी टाकणाऱ्याच्या हातून निघतो, इथला फलंदाजाच्या बॅटवरून. ‘सरपटी काढणारा’ लिहा, ‘टाकणारा’ नको.

आकडेमोड :
सरपटी काढणाऱ्यामागे शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस (मधल्या भागातले दोन क्षेत्ररक्षक) भक्कम हवेत, मग दुहेरी बादही मिळतात. तिथे बॅटिंगसाठी घेतलेला जड माणूस उभा केला की या पिचरची किंमत अर्धी.

कोरी_पाटी :
स्टॅमिना = दम, स्काउट = पारखी, पोटेन्शियल = संभाव्य गुणांकन. बरोबर?

जुना_बोरू :
दम फार छान. पारखीसुद्धा; शब्दकोशातला ‘हेर’ उचलला नाहीत हे बरं.

आकडेमोड :
‘संभाव्य’ला एक तळटीप लागेल : तो आकडा वचन नसून पारख्याचा अंदाज आहे. सतरा वर्षांच्या पोराचं संभाव्य ७० दोन वर्षांत ५० वर येतं, त्यात बिघाड काही नसतो. आपला पारखी आणि खेळातली सामायिक संस्था ओसा, दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघा. तफावत मोठी असेल तर त्या पोरावर मोठा सौदा करू नका. काही लीगमध्ये पारख्यांचं धुकं (अंदाजातली चूक) बंद ठेवतात, तिथे हा प्रश्न नाही. नियमावली आधी वाचा.
आकडे कोणत्या लीगच्या तुलनेत दाखवलेत तेही सेटिंगमध्ये तपासा. खालच्या लीगच्या तुलनेतलं ६० आणि मेजर लीगच्या तुलनेतलं ६० यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मैदानाबाहेर :
पिचरला रिलीव्हर (सामन्यात मागाहून येणारा पिचर) केलं की स्टफ एकदम वाढलेलं दिसतं. बग आहे का?

आकडेमोड :
बग नाही. एक-दोन इनिंगच टाकायच्या असल्याने तो पूर्ण जोर लावू शकतो, म्हणून भूमिका बदलली की भेदकता वर जाते. त्यामुळे स्टार्टरचं (सामना सुरू करणाऱ्या पिचरचं) ५५ आणि रिलीव्हरचं ५५ एका रांगेत मांडू नका. स्टार्टरला दम हवा आणि कामापुरते तीन प्रकारचे चेंडू हवेत. दोनच चांगले असतील तर बुलपेन, म्हणजे रिलीव्हरांचा ताफा, हीच त्याची जागा. रिलीव्हर मारियानो रिव्हेराने जवळपास एकट्या कटर या एकाच प्रकारच्या चेंडूवर नाव केलं, पण एका वेळी एखादीच इनिंग टाकून.
वेगाला वर वेगळे गुण देऊ नका, तो भेदकतेत धरलेला असतो. डावऱ्या-उजव्या फलंदाजांसमोरचे आकडे मात्र वेगळे उघडून पाहा. उजव्यांसमोर ६५ आणि डावऱ्यांसमोर ४० असलेला स्टार्टर घेतलात, तर प्रतिस्पर्धी डावऱ्यांची रांग लावतील. तोच माणूस सातव्या इनिंगमध्ये, नेमके उजवे फलंदाज येत असताना आणला तर सोन्यासारखा.

कोरी_पाटी :
ठरलं तर : भेदकता, मूव्हमेंट (पहिल्यांदा फोडून), नियंत्रण, दम, पारखी, संभाव्य गुणांकन, सरपटी काढणारा. वॉकचं काय?

फिरकीबहाद्दर :
‘फुकटचा बेस’.

जुना_बोरू :
वाक्यात खुशाल वापरा. तक्त्यात वॉकच लिहा, रकाना अरुंद असतो.