मदत हवी आहे: खुबा बदललाय, पुन्हा एमटीबीवर (माउंटन बाइक, कच्च्या वाटंची सायकल) बसावं का?

नमस्कार मंडळी, संभाजीनगरहून विचारायलो. वय ५२, उजव्या खुब्याचं टोटल हिप रिप्लेसमेंट होऊन ८ महिने झाले, मागून चीर होती त्यामुळं पहिले ३ महिने मांडी नाही, उकिडवं नाही, खुबा ९० अंशाच्या पुढं दुमडायचा नाही, सगळं पाळलं. आता घरातल्या स्टँडच्या सायकलवर रोज ४० मिनिटं मारतो, दुखत नाही काही. डॉक्टर म्हणतात सायकल चालवा पण पडू नका. आता गोगाबाबा टेकडीच्या मुरमावर न पडता कोण चालवतं राव!

खरी अडचण चढाची नाहीच, टांग टाकायची आहे. परवा पाय पलीकडं नेताना बूट सीटला अडकला अन् लंगडी घालत भिंतीला जाऊन टेकलो, बायको दारातच उभी होती, पुढचं सांगत नाही.

तर कुणी खुबा बदलून परत कच्च्या वाटंवर गेलंय का, किती महिन्यांनी? सीट खाली घ्यायला ड्रॉपर पोस्ट बसवावा म्हणतो, फायदा होतो का? हार्डटेलच (फक्त पुढं सस्पेन्शन) ठेवू का मागं पण सस्पेन्शनवाली बघू? का आधी म्हैसमाळचा डांबरी घाटच करू गुमान?