दुहेरी काळाच्या ऐतिहासिक कादंबऱ्या: आजची प्रकरणं का कंटाळवाणी होतात?

पानपुडा:
हल्ली दोन काळांत चालणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या बऱ्याच येतात. साचा ठरलेला. वाडा बिल्डरकडे निघालाय, माळ्यावर पेटी सापडते, पेटीत मोडी पत्रं, मग एक प्रकरण पानिपताच्या वेळचं आणि एक आजचं. मागचं रंगात येतंय तोच फ्लॅट, ऑफिस, नवऱ्याशी अबोला! आजची पानं भराभर उलटावी लागतात. हा प्रकारच लंगडा आहे, की लिहिणारे कमी पडतात?

बोरू:
लिहिणारे. मागच्या काळात माणसं जिवानिशी जातात, आणि आजच्या नायिकेला ते पत्र वाचता आलं नाही तर तिचं काय अडतं? बहुतेकदा काहीच नाही. जमिनीचा दावा, देवस्थानचा हक्क, असं काहीतरी त्या कागदावर अडकवा.

दुसरा घोटाळा क्रमाचा. पत्र कुठे लपवलं हे वाचकाने 9व्या प्रकरणात पाहिलं आणि नायिका 14व्यापर्यंत शोधतेय, तर मधलं सगळं फुकट. कागद आधी आजच्या प्रकरणात येऊ द्या, तोही अर्धवट किंवा चुकीचा लावलेला. खरं काय घडलं ते नंतर. आणि एकाआड एक प्रकरण हा नियम कुणी घातला? मागची तीन प्रकरणं सलग चालू द्या, आजचं चार पानांत आटपा.

रुमाल उघडा:
‘चुकीचा लावलेला’ याला दुजोरा. या कादंबऱ्यांत नायिका मोडीचा वर्ग करते आणि पुढच्या रविवारी पत्र घडाघडा वाचते. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. छापील मुळाक्षरं यायला लागली तरी शिकस्ता, म्हणजे घाईत मोडूनतोडून लिहिलेल्या, वळणापुढे माणूस अडतो.

खरी गंमत तारखेत आहे. पत्राच्या शेवटी बहुतेकदा नुसतं ‘छ 8 रजब’ असतं, साल नसतं. म्हणजे रजब या हिजरी चांद्र महिन्याची आठवी तारीख, पण कोणत्या वर्षाची? ते मजकुरातल्या माणसांवरून, स्वाऱ्यांवरून ठरवायचं. साल असलंच तर बऱ्याचदा अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन (मराठी दफ्तरांत वापरलं जाणारं साल) 1161. हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून इसवी सन काढायला पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत 600. इथे चुकलं की अख्खं वर्ष सरकतं आणि मेलेला माणूस पत्र लिहायला लागतो. आजच्या कथानकाला याहून चांगलं रहस्य कोण देणार? पण लेखकांना अबोलाच प्रिय.

चौथा प्रहर:
माझं मत उलटं आहे. मागची प्रकरणंच जास्त खोटी वाटतात. प्रत्येक जण ‘आज्ञा असावी’ म्हणत मुजरा करतो, आणि तिसऱ्या पानावर कुणीतरी काडी ओढून समई लावतं. घासून पेटणारी काडी 1826च्या आसपासची! पानिपतची बातमी चार दिवसांत पुण्याला पोचवणारेही आहेत. लढाई 14 जानेवारी 1761ला झाली, आणि खुद्द नानासाहेब पेशव्यांना ती भेलशाजवळ (आजचं विदिशा), म्हणजे पुण्याच्या कितीतरी उत्तरेला, 24 तारखेच्या सुमारास कळली. आजचा काळ निदान लेखकाने पाहिलेला तरी असतो.

रुमाल उघडा:
त्यात एक भर. दोन काळ जोडायला संक्रांत हमखास वापरतात: इकडे नायिका तिळगूळ वाटतेय, तिकडे त्याच सणाला भाऊसाहेब पडतात.

पानपुडा:
मग चूक काय? पानिपत संक्रांतीलाच ना?

रुमाल उघडा:
नाही. संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, सूर्यावर ठरते, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबाने साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. तसंच मागे मोजत गेलं तर 1761ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. जोडायचंच असेल तर तिथीने जोडा. आजच्या वर्षाची पौष शुद्ध अष्टमी पंचांगात बघून नायिकेचं प्रकरण त्या दिवशी ठेवा. तिळगुळाचा प्रसंग फारच लाडका असेल तर मागच्या काळात तो लढाईच्या चार दिवस आधी घाला. तेव्हा छावणीत खायलाच नव्हतं, त्यामुळे तीळही नकोत आणि गूळही.