ध्वनिमुद्रणातला स्वतःचा आवाज इतका नकोसा का वाटतो?

पानगळ:

नमस्कार. निवृत्तीनंतर गेले चार महिने मी एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी बारावीची पुस्तके वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून देते. ३० वर्षे वर्गात शिकवल्यामुळे आपला आवाज खणखणीत आणि भरदार आहे अशी माझी पक्की समजूत होती. पहिला पाठ मुद्रित करून ऐकला तेव्हा ती पार ढासळली. कानावर आला तो पातळ, काहीसा नाकातून निघणारा आवाज, आणि तो माझाच आहे हे पटायला दोन-तीन वाक्ये जावी लागली.

त्याहून जास्त खुपली ती दुसरी गोष्ट. माझे माहेर अचलपूरकडचे आहे. पुण्यात येऊन इतकी वर्षे झाली, तेव्हा बोलण्यातला वऱ्हाडी हेल केव्हाच गेला असेल असे मी धरून चालले होते. मुद्रणात मात्र वाक्याच्या शेवटी क्रियापद किंचित लांबलेले ऐकू येते, आणि वाचण्याच्या ओघात एके ठिकाणी ‘डोळे’ हा शब्द चक्क ‘डोये’च्या वाटेला लागला आहे. तेवढे वाक्य मी पाच वेळा पुन्हा वाचले. नवल असे की इंग्रजीचे धडे मुद्रित करून ऐकताना मला इतके अवघडल्यासारखे होत नाही, जरी माझे इंग्रजी उच्चार मराठीपेक्षा नक्कीच कच्चे आहेत. दोष मोबाइलचा, कानांचा की मनाचा? जाणकारांनी कृपया सांगावे.

कानसेन:

पानगळताई, हा अनुभव बहुतेकांना येतो आणि त्यात मोबाइलचा दोष थोडाच असतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याच कानांपर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट हवेची, जी समोरच्या श्रोत्यालाही उपलब्ध असते. दुसरी वाट हाडांची: स्वरयंत्रातली आणि तोंडाच्या पोकळीतली कंपने जबड्यातून व कवटीतून थेट आंतरकर्णातल्या शंखाकृती नलिकेपर्यंत जातात, आणि ती आपल्यावाचून दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नाहीत. दोन्ही कानांत घट्ट बोटे घालून, ओठ मिटून ‘म्’ असा हुंकार धरून पाहा. हवेची वाट बंद केल्यावर आवाज कमी व्हायला हवा, पण तो उलट डोक्यात घुमू लागतो.

या विषयावरचा महत्त्वाचा लेख गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९४९ मध्ये लिहिला. हे मूळचे हंगेरीचे. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी बुडापेस्टमध्ये टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काढली आणि पुढे श्रवणक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मोजणीनुसार हाडांतून येणारा आपला आवाज हवेतून येणाऱ्या आवाजाच्या साधारण तोडीस तोड असतो. म्हणजे मुद्रणात जे गळते ते चिमूटभर नसते, जवळपास एक अख्खी बाजूच गळते. शिवाय आवाजातले तीव्र अंश, विशेषतः ‘स’, ‘श’, ‘च’ यांतली सळसळ, तोंडासमोर सरळ फेकली जाते. आपले कान बाजूला असल्याने ती आपल्याला कमी मिळते, समोर धरलेल्या मोबाइलला मात्र पुरेपूर मिळते. आपल्याला जो पातळपणा जाणवला त्याचे मूळ या दोन्हींत आहे.

आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण बोलू लागण्याच्या किंचित आधीच मध्यकर्णातल्या रिकीब नावाच्या इवल्याशा हाडाला जोडलेला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आपल्याच आवाजाचा आपल्या कानांवर होणारा मारा सौम्य करतो. मुद्रण ऐकताना आपण गप्प बसलेले असतो, त्यामुळे त्या स्नायूला आधीच सावध होण्याचे कारण नसते. तेव्हा आपला आवाज आपण ऐकतो तो, कदाचित आयुष्यात प्रथमच, अगदी परक्याच्या कानांनी.

अर्धविराम:

कानसेन यांचे विवेचन पटले, परंतु त्यातून आवाज वेगळा का ऐकू येतो एवढेच कळते. वेगळा म्हणजे लगेच नकोसा का, हा पानगळताईंचा खरा प्रश्न अजून तसाच आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे, आणि पुरुषांच्या आवाजाचा मूळ स्वर तर सहसा त्याच्या खाली असतो. तरीही परगावाहून आलेला वडिलांचा आवाज पातळ झाला म्हणून तो कोणाला नकोसा वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पातळपणा सोसवत नाही तो फक्त स्वतःचा.

हॉल्झमन आणि राउझी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये याचा विचार केला होता. त्यांचे म्हणणे असे की हाडांचा फरक खरा असला तरी अस्वस्थता तेवढ्याने येत नाही. शब्दांच्या जोडीने आवाजातून आपली घालमेल, संकोच, तोरा असे बरेच काही बाहेर पडत असते. बोलताना आपले सारे लक्ष अर्थाकडे असल्यामुळे ते आपल्या ध्यानात येत नाही आणि मुद्रणात एकदम समोर उभे राहते. पुढच्याच वर्षी त्यांनी द्विभाषिकांना त्यांचेच आवाज दोन्ही भाषांत ऐकवले, तेव्हा मोठेपणी शिकलेल्या भाषेपेक्षा मातृभाषेतल्या मुद्रणाने लोक अधिक अस्वस्थ झाले. आपल्या इंग्रजी धड्यांचे कोडे मला येथे सुटल्यासारखे वाटते. इंग्रजी आपण शिकून बोलता, त्यामुळे तिथे चूक निघाली तरी ती अभ्यासातली चूक असते. मराठीत ऐकू आले ते मात्र अचलपूर होते.

आवाज मुळात वाईट नसतो, याला आणखी एक आधार आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनेक आवाजांना आकर्षकतेचे गुण द्यायला सांगितले होते आणि त्यांत ज्याचा त्याचा आवाज न सांगता मिसळून ठेवला होता. इतरांनी त्या आवाजांना जितके गुण दिले त्याहून अधिक त्यांच्या मालकांनी दिले! म्हणजे ‘हा माझा’ हे कळले की कान बिघडतात. छायाचित्रांचेही असेच आहे. १९७७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचे आरशात दिसते तसे उलटे छायाचित्र अधिक आवडले, तर त्यांच्या मित्रांना सुलटे. जे रोज भेटते ते आपले वाटते.

जाता जाता स्वतःचे सांगते. गेल्या दिवाळीत बहिणीला पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप मी चुकून पुन्हा लावला आणि क्षणभर मला वाटले की माझी आत्या बोलते आहे. माझे आणि आत्याचे कधीच पटले नाही. त्या निरोपात फक्त अनारशांचे प्रमाण होते, तरी मी तो पुरा ऐकू शकले नाही.

फेडर:

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून मोबाइलची थोडी बाजू मांडतो आणि थोडी तक्रारही करतो. अर्धविराम यांचे म्हणणे मान्य आहे, तरी यंत्राचा वाटा इतका सहज सोडून देता येणार नाही. स्टुडिओतल्या निवेदकाचा आवाज भरदार वाटतो, कारण एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या माइकजवळ तोंड नेले की खर्ज आपोआप वाढतो. मोबाइलचा माइक चहूकडचा आवाज जवळपास सारखाच घेतो, त्यामुळे हा लाभ मिळत नाही, आणि उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज मात्र फुकट मिळतो. पानगळताई, आपण ज्याला नाकातला आवाज म्हणता त्यात आपल्या खोलीचा हिस्सा किती, हे एकदा तपासा. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे एखादी जाड गोधडी टांगा, पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना निघणारी फुंकर थेट माइकवर आदळणार नाही.

शाहीर कानावर हात ठेवून पोवाडा गातात तो निव्वळ आविर्भाव नसतो. डफ-तुणतुण्याच्या गलक्यात आपला सूर हवेच्या वाटेने आपल्याच कानाशी यावा, यासाठीची ती सोय असते. नव्या गायकांना मी सुरुवातीला एक कान उघडा ठेवूनच हेडफोन लावायला देतो. दोन्ही कान झाकले की घुमणाऱ्या आवाजाने ते बावरतात. पहिल्या दिवशी सगळेच तोंड वाकडे करतात. दहा-बारा दिवस रोज स्वतःला ऐकले की तक्रार थांबते आणि मंडळी ‘मी अशी का ऐकू येते’ हे सोडून ‘तिसऱ्या ओळीत श्वास चुकला’ असे बोलू लागतात.

पानगळ:

सर्वांचे मनापासून आभार. कपाटासमोर बसून एक पाठ पुन्हा वाचला. नाकातला आवाज निम्म्याने तरी गेला, उरलेला माझाच असावा. अनारशांचा किस्सा वाचून मात्र मी खूप हसले, कारण मला माझ्या आवाजात माझी थोरली काकू ऐकू येते आणि तिचा माझ्यावर फार जीव होता.

हेलाविषयी शेवटी त्या विद्यार्थिनीलाच विचारले. ती म्हणाली, “मॅडम, मी सगळे पाठ दीडपट वेगाने ऐकते, त्यात हेल कुठला कळणार?” ‘डोये’ तिच्या लक्षातही आले नव्हते. तिची तक्रार निराळीच निघाली: मी पानांचे क्रमांक वाचत नाही, त्यामुळे वर्गात बाईंनी अमुक पान काढा म्हटले की तिला जागा सापडत नाही. आता पहिल्या पाठापासून क्रमांक घालत बसले आहे.