पाच माणसं, ३,८०० नावं: कॉन्टॅक्टसाठी सॉफ्टवेअर घ्यावं की शीटवरच भागवावं?

नोंदवही

पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्तीचा आमचा छोटा व्यवसाय आहे. मी, भागीदार, ऑफिस सांभाळणारी एक मुलगी आणि फिरतीवरचे दोन तंत्रज्ञ, एवढीच माणसं. ११ वर्षांत साधारण ३,८०० नावं जमली आहेत. काही एक्सेलमध्ये, काही माझ्या फोनमध्ये, काही भागीदाराच्या डायरीत आणि बरीचशी तंत्रज्ञांच्या खिशात.

गेल्या आठवड्यात सगळी यादी एकत्र करायला बसले. एकाच कारखान्यातल्या एकाच माणसाच्या चार नोंदी निघाल्या: 'बॉयलरवाले साहेब', 'बॉयलर साहेब नवीन नंबर', 'मेंटेनन्स हेड मोठे' आणि तंत्रज्ञाच्या फोनमध्ये नुसतंच 'साहेब उचलत नाहीत'. त्या चौथ्या नंबरवर फोन लावला, तर पहिल्या रिंगला उचलला.

भागीदाराचं म्हणणं, आता रीतसर सीआरएम घेऊ, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. दर माणशी दरमहा भाडं, वर्षाचं एकदम भरलं की सूट. मी दोन डेमो पाहिले. पहिल्याच पानावर लीड, डील, पाइपलाइन, फोरकास्ट, सगळी विक्रीचीच भाषा. अहो, फोन वाजला की कोण बोलतंय आणि त्यांच्याकडे कोणता पंप आहे, एवढंच मला कळायला हवंय! आम्हाला पत्त्यांची वही हवी आहे, विक्रीखातं नको, असं माझं स्पष्ट मत. एक शेअर केलेली शीट, नीट आखलेले रकाने आणि आठवड्यातून तासभर साफसफाई. भागीदार म्हणतो, हा चिक्कूपणा आहे, वर्षभरात पस्तावशील.

बोला. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीही खुशाल लिहावं, फक्त आपण विकतो हे आधी सांगावं.

खटपट्या

ताई, तुम्ही बरोबर आहात. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. ३,८०० म्हणजे कोपराही भरत नाही. तेवढंही नको असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्येही हजारो नावं बसतात, लेबलं लावता येतात, आणि घोळ झालाच तर ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं.

ही सगळी सीआरएमची जमात फिरत्या विक्रेत्यांसाठी जन्माला आली. 'ॲक्ट' १९८७ साली आलं तेव्हा ते खरोखर कॉन्टॅक्ट सांभाळण्याचंच सॉफ्टवेअर होतं: कोणाला भेटलो, काय बोललो, परत कधी फोन करायचा. पुढे त्यावर मजले चढत गेले. वरचे मजले साहेबांसाठी असतात, आपला माणूस किती विकतोय ते बघायला. तुम्हीच साहेब आणि तुम्हीच माणूस असाल तर त्या मजल्यांचं भाडं कशाला भरायचं?

उलटतपासणी

ओळी मावतात म्हणून शीट चालते, हे म्हणजे खोली मोठी आहे म्हणून कपाट नको म्हणण्यासारखं झालं.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात काय झालं आठवतं? कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. मधल्या टप्प्यावर एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला होता, त्याची मर्यादा ६५,५३६ ओळींची. त्यापुढच्या ओळी गुपचूप कापल्या गेल्या आणि कुठे लाल दिवाही लागला नाही. शीटचा खरा दोष हाच: चूक झाली तरी ती बोलत नाही.

खटपट्या

ताईंकडे ६५,५३६ पंपवाले झाले की मी स्वतः येऊन सीआरएम बसवून देईन.

उलटतपासणी

हसा. पण मुद्दा आकड्याचा नाहीच. आमच्याकडे सात वर्षं असलेला एक जण नोकरी सोडून गेला. नंबर सगळे शीटमध्ये होते, रकाने तुमच्यापेक्षा नीट. तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या ग्राहकाचा फोन: "तुमच्या माणसाने सांगितलं होतं, पुढच्या वेळी सील आम्ही आणलं तर मजुरी लावणार नाही." सांगितलं होतं का? कोणाला ठाऊक! शीटमध्ये नाव होतं, नंबर होता, पत्ता होता. बोलणं नव्हतं. आम्ही मजुरी सोडली. त्यानंतर आणखी दोन ग्राहकांनी असंच काहीबाही सांगितलं, तीही सोडली. त्यातलं एक तरी खोटं असणार, पण कुठलं ते आजतागायत कळलेलं नाही.

नंबर कुठूनही परत मिळतो हो. शेवटचं बोलणं काय झालं, कोणी केलं, कोणत्या तारखेला, हे मिळत नाही. शीटमध्ये त्यासाठी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो आणि नवा शेरा जुन्यावर चढवतात. सीआरएममध्ये प्रत्येक नोंद तारखेसकट आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट खाली रचली जाते. भाडं द्यायचं ते याचं, पाइपलाइनचं नव्हे. ती लपवता येते.

आणि खटपट्या, घरगुती खात्यातले गूगल कॉन्टॅक्ट पाच जणांना मिळून वापरता येत नाहीत, ते सांगायचं राहिलं वाटतं.

गिरमिट

मी फिरतीवरचा माणूस, म्हणजे यांच्या तंत्रज्ञांच्या जागी. आमच्याकडे सीआरएम आणलं. नवीन ग्राहक भरायला १४ रकाने, त्यातले सहा लाल चांदणीवाले. 'उद्योगाचा प्रकार' भरल्याशिवाय सेव्हच होत नाही. मी गेटवर उभा, हाताला ग्रीस, आत पंपघरात रेंज नाही, मागे वॉचमन म्हणतोय गाडी हलवा. काय केलं असेल? उद्योगाचा प्रकार: 'इतर'. ईमेल: एक टिंब, एक ॲट, एक टिंब. पुढे पुढे सगळ्यांनीच तसं सुरू केलं. वर्षाच्या शेवटी मालकाने रिपोर्ट काढला. आमचा सर्वात मोठा ग्राहकवर्ग 'इतर' निघाला.

निवडताना ऑफिसात बसून डेमो बघू नका. तंत्रज्ञाच्या हातात फोन द्या, डेटा बंद करा आणि एक नाव आणि एक ओळ लिहायला सांगा. मिनिटभरात झालं नाही, किंवा रेंज आल्यावर ती नोंद आपोआप चढली नाही, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही. बाकी काहीही असो.

तळटीप

सगळे शीट की सीआरएम यावरच अडलेत. नोंदवही, तुमचंच वाक्य परत वाचा: "कोण बोलतंय आणि त्यांच्याकडे कोणता पंप आहे." वहीत पंप बसत नाही, ताई.

तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत: माणूस, कारखाना आणि यंत्र. माणूस नोकरी बदलतो, यंत्र जागेवर राहतं. बॉयलरवाले साहेब उद्या दुसऱ्या कंपनीत गेले तर त्यांच्या ओळीचं काय कराल? कंपनीचं नाव बदललं तर पंपाचा इतिहास साहेबांबरोबर निघून गेला. नाही बदललं तर साहेब दोन वर्षांनी नव्या जागेवरून फोन करतील आणि तुमची ऑफिसातली मुलगी विचारेल, "पंप कसा चाललाय?"

एका शीटमध्ये एका ओळीवर एकच गोष्ट धड राहते. म्हणून मग 'यंत्र १', 'यंत्र २', 'यंत्र ३' असे रकाने निघतात, आणि चौथा पंप आला की तो शेऱ्यात जातो. तयार सीआरएममध्ये माणूस आणि कंपनी वेगळे असतात, हे खरं. पण यंत्र बऱ्याचदा नसतं, ते नवा नोंदप्रकार म्हणून स्वतः बनवावं लागतं, आणि ती सोय कुठल्या पातळीच्या भाड्यात येते हे डेमोत कोणी आपणहून सांगत नाही. ते विचारा.

मधला रस्ता आहे. जोडलेले तक्ते स्वतः बनवता येतात असं एअरटेबलसारखं काहीतरी, किंवा लिब्रेऑफिस बेस. तीन तक्ते, एकमेकांना जोडलेले, आणि भेटींचा चौथा. भेटींच्या तक्त्यात दर भेटीला नवी ओळ: तारीख, माणूस, यंत्र, काय बोलणं झालं. उलटतपासणींची तक्रारही तिथेच मिटते.

दुबार नावं काढताना नुसत्या नंबरवर जुळवू नका, एवढी एक विनंती. कारखान्याच्या गेटचा एकच नंबर सहा माणसांपुढे असतो. आपोआप जुळवणी लावलीत तर सहा माणसांचा एक माणूस होईल आणि तो परत सुटा करणं महाकठीण.

उलटतपासणी

माणूस, कारखाना, यंत्र हे पटलं. मी स्वतः असा विचार केला नव्हता. पण स्वतः बांधलेली गोष्ट बांधणाऱ्यालाच कळते. ताई आजारी पडल्या तर चार तक्ते कोण सांभाळणार? विकतच्या वस्तूला निदान मदतीला फोन तरी लावता येतो.

तळटीप

लावता येतो. कोण उचलतं ते वेगळं.

शून्य_बाकी

मी विकत नाही, पण बंद झालेल्या सॉफ्टवेअरमधून लोकांचा डेटा बाहेर काढून देतो. म्हणजे तुमची निवड चुकली की माझा धंदा सुरू. तेव्हा मी सांगतोय ते माझ्याच पोटावर पाय देऊन.

सॉफ्टवेअर आत शिरायच्या दारावरून निवडू नका, बाहेर पडायच्या दारावरून निवडा. फुकट चाचणीच्या पहिल्याच दिवशी २० नावं भरा, त्यातली पाच देवनागरीत. प्रत्येकाला दोन शेरे लिहा, एकाला फोटो जोडा. मग सगळं एक्सपोर्ट करून बघा. बहुतेक ठिकाणी नावांची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, पटकन मिळते. शेरे वेगळ्या फाइलीत येतात, किंवा येतच नाहीत. आले तर कोणता शेरा कोणाचा हे जोडणारा क्रमांक दोन्ही फाइलींत आहे का ते पाहा. नसेल तर ते शेरे म्हणजे पत्ता नसलेली पत्रं. जोडलेला फोटो तर क्वचितच बाहेर पडतो.

आता सीएसव्हीची गंमत. ती फाइल डबल क्लिक करून थेट एक्सेलमध्ये उघडलीत तर देवनागरी नावांच्या जागी ए-वर टोप्या आणि चलनाची चिन्हं दिसू शकतात. घाबरू नका, डेटा शाबूत असतो, फक्त वाचताना लिपी चुकते. 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या आणि लिपी वाचण्याची पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडा. खरा घात फोन नंबरांचा होतो. सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह एक्सेल खाऊन टाकतं, आणि देशाच्या कोडासकट १२ आकडी नंबर असेल तर तो दशांश-चिन्हासह 'ई ११' असा आखडून दाखवतं. तशाच अवस्थेत परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंत की जे दिसतंय तेच लिहिलं जातं, शेवटचे आकडे कायमचे गेले. एका माणसाचे ९०० नंबर असे गेलेले मी पाहिलेत. ९०० ग्राहक, सगळ्यांच्या नंबराच्या शेवटी शून्यंच शून्यं. म्हणून फोनचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, आणि नंबर आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठेवा: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, मध्ये मोकळी जागा नाही. जास्तीत जास्त १५ आकडे होतात.

मूळ खातं कोणाच्या खासगी ईमेलवर काढू नका. भांडणं तिथून सुरू होतात.

खटपट्या

यावर एकच इलाज, ओपन सोर्स. शुगरसीआरएमने २०१४ मध्ये मुक्त आवृत्ती पुढे नेणार नाही म्हणून सांगितलं, पण त्यातूनच २०१३ साली वेगळं निघालेलं स्वीटसीआरएम अजून चालतंय. कोड उघडा असला की कोणी दार लावू शकत नाही.

शून्य_बाकी

दार लावत नाही, पण घर झाडायला कोणी येतही नाही. सर्व्हर, बॅकअप, अपडेट कोण करणार? पाच जणांत तसा एक माणूस असेल तर उत्तम पर्याय. नसेल तर बॅकअप आहे असं सगळ्यांना वाटत असतं आणि तो नसतो.

नोंदवही (दहा दिवसांनी)

सगळ्यांचं वाचलं, काही करून पाहिलं.

आधी माझीच फजिती सांगते. शीट शेअर केली, रकाने आखले, फोनचा रकाना टेक्स्ट केला. नावं अकारविल्हे लावायची म्हणून नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट दिलं. फक्त तोच रकाना हलला. नंबर जागच्या जागी. दोन दिवसांनी मुलीने विचारलं, आज सगळेच राँग नंबर कसे लागतायत? जुनी आवृत्ती परत आणता आली, पण मधल्या दोन दिवसांत भरलेलं सगळं पुन्हा भरावं लागलं. उलटतपासणी, शीट बोलत नाही, मान्य.

मग भागीदाराच्या आवडत्या सीआरएमवर शून्य_बाकींची २० नावांची परीक्षा घेतली. नावं आली, देवनागरीसकट. शेरे वेगळ्या फाइलीत आले, क्रमांकासकट, म्हणजे तिथे ते पास. फोटो नाही आला. यंत्रासाठी वेगळा नोंदप्रकार मात्र आम्ही पाहत होतो त्याच्या दोन पायऱ्या वरच्या भाड्यात. भागीदार त्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

गिरमिट यांची परीक्षा दोन्ही तंत्रज्ञांनी घेतली. सीआरएमला एक मिनिट ५० सेकंद, आणि रेंज गेल्यावर नोंद हरवली. मी तळटीप यांच्या सांगण्यावरून चार तक्ते जोडून एक फॉर्म केला, चारच प्रश्न ठेवले. त्याला ४० सेकंद. रेंज नसताना तोही चालत नाही. मग ठरलं की पंपघरातून बाहेर आल्यावर, गाडी सुरू करायच्या आधी भरायचं. धाकटा भरतो. मोठा मला फोन करून सांगतो आणि मी भरते. चालतंय.

म्हणजे मी म्हणत होते ती पत्त्यांची वही नाही झाली, आणि भागीदार म्हणत होता ते विक्रीखातंही नाही. दोन महिने असं चालवून बघू. उलटतपासणी म्हणतात तशी मी आजारी पडले तर काय, याचं उत्तर अजून नाही. सध्या मुलीला फॉर्म कसा बदलायचा ते शिकवतेय.

उलटतपासणी

चांगलं केलंत. ३,८०० पैकी खरी नावं किती उरली?

नोंदवही

२,६००च्या आसपास. 'साहेब' एवढंच नाव असलेल्या ४१ नोंदी अजून बाजूला ठेवल्यात, रोज दोघातिघांना फोन लावते.

गिरमिट

आणि भागीदाराची डायरी?

नोंदवही

त्याच्या खिशातच. मागितली तर म्हणतो, हिला एक्सपोर्ट नाही.