मदत हवी आहे : टॅमॉक्सिफेन चालू असताना रक्तस्राव, क्युरेटिंग, हिस्टरोस्कोपी की पिशवी काढणे?

नमस्कार,

माझ्या आईसंबंधी मार्गदर्शन हवे आहे. आईचे वय ५६ वर्षे आहे. पाच वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी तिचे डाव्या बाजूचे ऑपरेशन झाले आणि पुढे केमोथेरपी झाली. त्या काळातच तिची पाळी कायमची थांबली. तेव्हापासून टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे. गेल्या तीन आठवड्यांत तिच्या अंगावरून दोनदा रक्त गेले. पहिल्या वेळी ‘उष्णता झाली असेल’ असे स्वतःशीच ठरवून तिने ते आमच्यापासून लपवले. दुसऱ्या वेळी कपड्यांवरचा डाग माझ्या नजरेस पडला, तेव्हा तिने सांगितले.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ११ मिलिमीटर असून त्यात पाण्याच्या बारीक पोकळ्या दिसतात, असे लिहिले आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. येथील डॉक्टरांनी क्युरेटिंग (गर्भाशयाचे अस्तर खरवडणे) करू, किंवा या वयात उपयोग नसल्याने सरळ पिशवीच काढून टाकू, असे सुचवले. पुण्यातील डॉक्टरांनी मात्र आधी हिस्टरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण नेऊन पाहणे) करून तुकडा तपासायला पाठवावा, असे सांगितले. ‘दुर्बीण’ हा शब्द ऐकताच आईने नकार दिला, कारण माझ्या आत्याचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले होते आणि तिच्या पोटावरच्या चार भोकांचे व्रण आईने पाहिले आहेत.

मला जेवढे समजले आहे ते लिहिते. चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे. या तपासणीत पोटावर कोठेही छेद घेत नाहीत, तर योनीमार्गाने आणि गर्भाशयमुखातून बारीक दुर्बीण आत नेतात. मासिक पाळी संपल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती करावी लागते. आत काही दिसले नाही तर तुकडा घेण्याची गरज उरत नाही. माझे प्रश्न असे आहेत : आईला पाळीच येत नसेल तर दिवस कसा ठरवायचा? दुर्बिणीसाठी आत पाणी सोडतात म्हणे. कर्करोग असलाच तर त्या पाण्याबरोबर तो पोटात पसरणार नाही ना? टॅमॉक्सिफेन आजच बंद करावे का? आणि पुढच्या महिन्यात घरी लग्न आहे, तोपर्यंत थांबले तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आपल्या आईंना तपासल्याशिवाय त्यांना काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही. परंतु शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : लग्नासाठी थांबू नका. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर अंगावरून गेलेले रक्त, मग ते एक थेंब का असेना, तपासून घ्यावेच लागते. त्यातून टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अधिकच. हे औषध स्तनामध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर मात्र काहीसे इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे तेथे पॉलिप (अस्तराचे मांसल फुगवटे) वाढतात आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचा धोका दोन ते तीन पट होतो. मुळात तो धोका लहान असल्याने बहुतेक स्त्रियांमध्ये कर्करोग निघत नाही, हेही आईंना अवश्य सांगा.

पाळी थांबलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला असता अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर एरवी दिलासा मिळतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये हे गणित जमत नाही. अस्तराखालच्या थरात पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि सोनोग्राफीत सगळेच जाड दिसते. त्या ११ मिलिमीटरमध्ये पॉलिप किती, सूज किती, आणखी काही आहे का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून आत डोळ्यांनी पाहावे लागते. क्युरेटिंगमध्ये डॉक्टर न पाहता खरवडतात. पोकळीचा बराच भाग तसाच राहतो, आणि देठावर लोंबणारा पॉलिप तर क्युरेटसमोरून सहज बाजूला सरकतो. अशा वेळी अहवालात ‘काही नाही’ असे येते आणि रक्त पुन्हा जाते. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी गर्भाशयात नळीतून पहिल्यांदा पाहिले, ते साठ वर्षांच्या स्त्रीला होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण शोधण्यासाठीच, आणि त्यांना आत पॉलिपच सापडला होता.

तपासणीची पद्धत आपण बरोबर लिहिली आहे. गर्भाशयाच्या भिंती एरवी रिकाम्या पिशवीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. सलाईन सोडून त्या दूर केल्यावरच आत दिसते. नुसते पाहण्याची दुर्बीण साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची असते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. पॉलिप दिसला तर थोड्या जाड दुर्बिणीतून बारीक कात्री किंवा विजेच्या तारेने तो त्याच वेळी मुळापासून काढता येतो. पाळीचा नियम आईंना लागू नाही. तो पाळी येणाऱ्या स्त्रियांसाठी आहे, कारण पाळीनंतर अस्तर पातळ असते आणि गर्भ राहिलेला नसल्याची बऱ्यापैकी खात्री असते.

एक गोष्ट मात्र आपली चुकली आहे. आत काही दिसले नाही तरी तुकडा घ्यावाच लागतो. दुर्बीण जागा दाखवते, निदान मात्र पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली करतात. पाण्याविषयी आपली शंका रास्त आहे. सलाईनबरोबर काही पेशी गर्भनलिकांतून पोटात जाऊ शकतात, परंतु त्यामुळे रुग्णाचा आजार बळावतो असे आढळलेले नाही, आणि सलाईनचा दाब जेवढा लागेल तेवढाच ठेवतात. किती सलाईन आत गेले आणि किती परत आले याचा हिशेब ठेवला जातो, कारण फार पाणी रक्तात शोषले गेले तर हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो. गर्भाशयाला छिद्र पडण्याचा प्रकार १ टक्क्याहूनही कमी वेळा होतो. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुख आकसलेले असते, म्हणून दुर्बीण आत नेताना विशेष जपावे लागते.

निदानाआधी पिशवी काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पॉलिप असेल तर त्या ऑपरेशनची गरजच नाही, आणि कर्करोग असेल तर ते वेगळ्या पद्धतीने, अंडाशयांसह आणि आजार कोठवर गेला आहे याचा तपास करत करावे लागते. आपल्याकडे पिशव्या किती सहज काढल्या जातात हे बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत आपण पाहिले आहे; २०१९ मध्ये त्यासाठी राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. टॅमॉक्सिफेन स्वतःहून बंद करू नका. आईंच्या कर्करोगतज्ज्ञांना आजच फोन करून रक्तस्रावाची माहिती द्या; पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी लेट्रोझोलसारखी दुसरी औषधे आहेत, बदल करायचा की नाही ते तेच ठरवतील.

प्रतिसाद २

माझी हिस्टरोस्कोपी वयाच्या ६१ व्या वर्षी झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायला सांगितले होते, थोड्या वेळाची भूल दिली आणि संध्याकाळी मी घरी आले. त्या रात्री पाळीत दुखते तसे ओटीपोट दुखले, चार दिवस किंचित डाग पडले. पॉलिप साधा निघाला. अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस मात्र मला फार कठीण गेले. त्या दिवसांत आईंना एकटे ठेवू नका. ताप, उग्र वासाचा स्राव, वाढते रक्त किंवा असह्य पोटदुखी झाली तर लगेच परत या, असे मला लिहून दिले होते. तुम्हीही तसे लिहून मागा. डाव्या बाजूचे ऑपरेशन झाल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, म्हणजे सुई आणि रक्तदाबाचा पट्टा उजव्या हाताला लावतील.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. पोटाला भोक पडणार नाही हे तिने दोनदा विचारून घेतले आणि मग ती तयार झाली. कर्करोगतज्ज्ञांशी बोलणे झाले असून पुण्याची तारीख येत्या गुरुवारची मिळाली आहे. आता एकच विचारायचे आहे : आईची इच्छा आहे की भूल न घेता, पडद्यावर स्वतः पाहत तपासणी करून घ्यावी. गर्भाशयमुख आकसलेले असेल तर हे तिला सोसेल का, की भुलीचाच आग्रह धरावा?

प्रतिसाद १

अवश्य विचारा. बारीक दुर्बिणीने, योनी उघडून धरणारे उपकरण न लावता ही तपासणी अनेक स्त्रिया जागेपणी करून घेतात. तासभर आधी वेदनाशामक गोळी देतात. मात्र भूलतज्ज्ञ त्या वेळी उपस्थित असावेत आणि आईंनी ‘थांबा’ म्हटले की डॉक्टर थांबतील, हे आधी ठरवून घ्या. पॉलिप मोठा निघाला तर भूल लागू शकते, म्हणून जागेपणी करायचे ठरले तरी त्यांना उपाशीच न्या.